ऋतुवेदना आणि तिचा इतिहास : देवगिरी ते बीड

मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यास करताना राजवटी, संप्रदाय, जमीनधारा आणि दुष्काळ यांचा विचार पुष्कळ झाला आहे. स्त्रीला महिन्यामहिन्यास भोगाव्या लागणाऱ्या वेदनेलाही इतिहास असू शकतो, ही गोष्ट मात्र अभ्यासकांच्या ध्यानात क्वचितच येते. वेदना ही शरीराची घटना असल्यामुळे ती कालातीत आहे, अशी आपली समजूत असते. ती एका अर्थाने खरी आहे. परंतु त्या वेदनेला कोणते नाव मिळाले, तिची दखल कोणी घेतली, कोणत्या कारणासाठी घेतली आणि तिच्यावर कोणता उपाय सुचविला, या गोष्टी कालातीत नाहीत. त्या त्या समाजाच्या रचनेतून त्या निर्माण होतात, आणि म्हणूनच त्या इतिहासाचा विषय ठरतात.

प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, आपल्या प्रदेशात ऋतुकाळच्या वेदनेची आणि ऋतुचक्राच्या बिघाडाची दखल स्वतंत्रपणे फारशी घेतली गेली नाही. शुद्धता, संतती आणि श्रम यांपैकी एखाद्या प्रयोजनाच्या आड ती आली, तेव्हाच ती दृष्टीस पडली. आणि मग जो उपाय योजला गेला तो वेदनेचा नव्हे, तर त्या अडथळ्याचा उपाय होता. या प्रतिपादनाच्या पुष्ट्यर्थ तेराव्या शतकातील देवगिरी आणि पैठण येथून निघून एकविसाव्या शतकातील बीडपर्यंत येऊ. ही तिन्ही स्थळे आजच्या छत्रपती संभाजीनगर विभागातच मोडतात.

१. शब्दांची साक्ष

आरंभी भाषेची साक्ष काढणे इष्ट होईल. मराठीत ऋतुकाळासाठी अनेक शब्दप्रयोग आहेत. कावळा शिवणे, बाहेर बसणे, दूर होणे, अडचण असणे, विटाळशी असणे हे प्रयोग घरोघरी रूढ होते व काही आजही आहेत. यांपैकी बहुतेक शब्द अंतराचे आणि स्पर्शास्पर्शाचे आहेत. न्हाण येणे, पदर येणे, ऋतुप्राप्ती हे शब्द विवाहयोग्यतेचे व गर्भधारणेच्या पात्रतेचे आहेत. पाळी हा शब्द नियमिततेचा आहे. वेदनेसाठी मात्र असा स्वतंत्र शब्द लोकभाषेत रूढ झालेला दिसत नाही. ओटीपोटात कळा येतात, कंबर धरते, अंगावर फार जाते अशी वर्णने आहेत. पण ती वर्णने आहेत, रोगाची नावे नव्हेत. ज्या दुःखाला नाव नाही, त्याची तक्रार करणेही कठीण जाते. ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या एकीने दुसरीला सांगितले, त्याचे एक कारण येथे सापडते.

बीडच्या ग्रामीण बोलीत गर्भाशयास ‘पिशवी’ म्हणतात. या शब्दाकडे लेखाच्या उत्तरार्धात पुन्हा वळावे लागेल. पिशवी ही काहीतरी ठेवण्यासाठी असते; ठेवावयाचे संपले म्हणजे तिचे प्रयोजन उरत नाही, असा अर्थ त्या शब्दात नकळत दडलेला आहे.

२. देवगिरी : शास्त्राच्या दोन शाखा

यादवांच्या देवगिरीत महादेव (इ. स. १२६१ ते १२७१) आणि रामचंद्र (इ. स. १२७१ ते १३११) यांच्या राजवटींत हेमाद्री पंडित श्रीकरणाधिप होता. त्याची कीर्ती ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या धर्मशास्त्रीय ग्रंथामुळे झाली. परंतु वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिणाराही हाच हेमाद्री होय. धर्मशास्त्र आणि वैद्यकशास्त्र या दोन्ही विद्या एकाच दरबारात, किंबहुना एकाच लेखणीखाली नांदत होत्या. या दोन विद्यांनी ऋतुकाळाकडे कसे पाहिले हे तपासणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

वैद्यकाची परंपरा याबाबत बरीच सूक्ष्म आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात, सुश्रुताच्या उत्तरतंत्रात आणि अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात वीस योनिव्यापदांचे वर्णन येते. त्यांतील एक चरकाने उदावर्तिनी, सुश्रुताने उदावर्ता आणि वाग्भटाने उदावृत्ता या नावाने सांगितली आहे. वायूची गती उलट झाल्याने रज कष्टाने बाहेर पडते आणि ते सुटले म्हणजे स्त्रीस तत्काळ सुख वाटते, असे तिचे लक्षण चरकाने दिले आहे. हे निरीक्षण रुग्णाच्या बाजूस बसून केलेले आहे, याविषयी शंका राहत नाही. वातावाचून योनीचा रोग होत नाही, असा चरकाचा सिद्धान्त असल्याने स्नेहन, स्वेदन आणि बस्ती हे उपचार त्याने मुख्य मानले. अतिस्रावासाठी त्याच अध्यायात पुष्यानुग चूर्ण सांगितले आहे. घरगुती औषधांत ओवा, बाळंतशेप, तीळ-गुळाचा काढा, हिंग, आणि तापविलेल्या विटेचा शेक यांची जी परंपरा आपण पाहतो, तिचे वातशमनाच्या या कल्पनेशी नाते आहे. ओटीपोटावरील उष्णतेने ही वेदना कमी होते, हे आधुनिक काळातील नियंत्रित चाचण्यांतही दिसून आले आहे. उदावर्तिनी म्हणजेच आजची ‘डिसमेनोऱ्हिया’ असे समीकरण मांडण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे; दोन्हींमागील शरीरकल्पना भिन्न आहेत.

असे असूनही याच वैद्यकात रजस्वलेसाठी जी परिचर्या सांगितली आहे तिचे प्रयोजन वेगळे आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात ऋतुमतीने पहिले तीन दिवस दिवसा झोपू नये, काजळ घालू नये, रडू नये, धावू नये, नखे काढू नयेत असे सांगितले असून, प्रत्येक निषेधाचे कारण भावी अपत्याच्या दोषात शोधले आहे. दिवसा झोपणारीचे मूल झोपाळू होते, रडणारीच्या मुलाची दृष्टी बिघडते, अशी ही कारणमीमांसा आहे. कळा येत असताना रडू नये असे सांगणाऱ्या शास्त्राचे लक्ष रडणारीकडे नसून अद्याप गर्भातही न आलेल्या मुलाकडे होते.

धर्मशास्त्राची भूमिका याहून कठोर होती. तैत्तिरीय संहितेतील कथेप्रमाणे विश्वरूपाच्या वधाने इंद्राला लागलेल्या ब्रह्महत्येचा एक भाग स्त्रियांनी घेतला आणि रजोदर्शन हे त्याचे चिन्ह ठरले. या कथेने शरीरधर्माला पापाचा वारसा जोडला. ऋषिपंचमीच्या व्रतकथेत रजस्वलावस्थेतील स्पर्शदोषामुळे स्त्रीला कुत्रीचा जन्म मिळतो, आणि व्रताने त्या दोषाचे क्षालन होते. व्रत आहे, प्रायश्चित्त आहे; वेदनेचा उल्लेख नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. बाहेर बसण्याच्या रूढीमुळे स्त्रीला तीन दिवस विश्रांती मिळत असे, असे समर्थन अनेकदा केले जाते. त्यात तथ्यांश नाही असे नाही. परंतु ही विश्रांती स्वयंपाकघर आणि देवघर यांपुरती होती. शेतात खपणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या स्त्रीला ती कधीच लाभली नाही, कारण तिच्या श्रमाने काही विटाळत नव्हते. ज्या विश्रांतीचा आधार वेदना नसून अस्पृश्यता आहे, ती वेदना नसणारीलाही सक्तीची होते आणि वेदना असणाऱ्या कष्टकरी स्त्रीला मात्र नाकारली जाते.

३. पैठण : एक वेगळा विचार

याच तेराव्या शतकात, याच परिसरात, या दृष्टीस उघड विरोध झाला. चक्रधरस्वामींचा संचार पैठण आणि गोदावरीकाठी दीर्घकाळ होता; त्यांच्या आठवणी म्हाइंभटाने लीळाचरित्रात संकलित केल्या. महानुभाव परंपरेत चक्रधरांनी ऋतुकाळचा विटाळ नाकारल्याची नोंद आहे. शरीराच्या इतर द्वारांतून जसे मळ वाहतात, तसाच हाही एक स्राव होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. महदाइसेसारख्या स्त्रियांना या पंथात जे स्थान मिळाले, त्यामागे हा विचार होता हे विसरता येत नाही. पुढे चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनीही आपल्या अभंगांत देह आणि विटाळ यांचे नाते थेट उकलून दाखविले; विटाळातूनच देहाची उत्पत्ती होत असेल तर शुद्ध कोण उरतो, असा त्यांचा रोख आहे.

या दोन्ही विचारांचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. पण त्यांची मर्यादाही नोंदविली पाहिजे. त्यांनी पापाची कल्पना दूर केली. वेदनेचा प्रश्न त्यांच्या विचारकक्षेत नव्हता. शिवाय हा विचार समाजाच्या मुख्य प्रवाहात रुजला नाही. पैठण हे धर्मनिर्णयाचे पीठ राहिले आणि घराघरांत विटाळ पाळला जात राहिला.

४. एकोणिसावे शतक आणि नंतर

ब्रिटिश अमलात ऋतुप्राप्ती हा प्रथमच जाहीर वादाचा विषय झाला. इ. स. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेले. प्रथम रजोदर्शनानंतर गर्भाधानसंस्कार शास्त्राने अनिवार्य आहे काय, यावर महाराष्ट्रात रण माजले. लोकमान्य टिळकांनी सरकारी हस्तक्षेपास विरोध केला, तर रा. गो. भांडारकरांनी शास्त्राधार देऊन कायद्याचे समर्थन केले. दोन्ही पक्षांची विद्वत्ता निर्विवाद होती. तथापि ज्या मुलीच्या शरीरावर हा वाद चालला होता तिला काय सोसावे लागते, हा प्रश्न शास्त्रार्थाच्या कडेलाच राहिला.

स्त्रीवैद्यकाच्या संस्था याच काळात उभ्या राहू लागल्या. इ. स. १८८५ मध्ये डफरिन फंडाची स्थापना झाली. इ. स. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. इ. स. १८९४ मध्ये रखमाबाईंनी लंडनहून शिक्षण पूर्ण केले आणि पुढे सुरत व राजकोट येथे सेवा केली. या कार्याचे केंद्र साहजिकच बाळंतपण होते, कारण मृत्यूचे भय तेथे सर्वाधिक होते. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने (१९२७ ते १९५३) जननेंद्रियांविषयी निःसंकोच लिहिण्याचा पायंडा पाडला. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. स्वातंत्र्यानंतर इ. स. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मराठवाड्यात इ. स. १९५६ मध्ये औरंगाबाद येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचे रुग्णालय ‘घाटी’ या नावाने सर्वांस परिचित आहे. आरोग्यसेवा स्त्रीपर्यंत पोहोचू लागली. पण ती प्रामुख्याने बाळंतपण आणि नसबंदी या दोन वाटांनी पोहोचली. संततीचे प्रयोजन बदलले नाही, केवळ त्याची दिशा उलटली.

५. पाश्चात्त्य वैद्यकातील एक धडा

बीडच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी पाश्चात्त्य वैद्यकातील एक प्रकरण पाहणे आवश्यक आहे. इ. स. १८७२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी या शल्यचिकित्सकाने ऋतुकाळच्या तीव्र त्रासावर उपाय म्हणून बीजांडकोश काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. जर्मनीत आल्फ्रेड हेगार यानेही त्याच सुमारास ती केली. पुढील दोन दशकांत निरोगी बीजांडकोशही काढले गेले. पाळी थांबली म्हणजे दुःख थांबले, असा हिशेब होता. त्यानंतर बीजांडकोश हा केवळ बीज साठविणारा अवयव नसून रक्तात स्राव सोडणारी ग्रंथी आहे, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून स्पष्ट होऊ लागले, आणि या शस्त्रक्रियेवरील विश्वास ओसरला.

‘हॉर्मोन’ ही संज्ञा इ. स. १९०५ मध्ये स्टार्लिंगने रूढ केली. मराठीत तिला संप्रेरक म्हणतात. इ. स. १९२९ मध्ये स्त्रीसंप्रेरकांपैकी इस्ट्रोन आणि इ. स. १९३४ मध्ये प्रोजेस्टेरॉन शुद्ध स्वरूपात मिळाले. इ. स. १९३५ मध्ये स्टाइन व लेव्हेंथाल यांनी बीजांडकोशातील अनेक पुटकुळ्या आणि अनियमित पाळी यांचा संबंध दाखविला. इ. स. १९५७ मध्ये अमेरिकेत ‘एनोव्हिड’ ही संप्रेरकांची गोळी प्रथम मान्य झाली ती ऋतुविकारांवरील औषध म्हणून. गर्भनिरोधक म्हणून तिला मान्यता इ. स. १९६० मध्ये मिळाली. त्याच सुमारास पिकल्स या संशोधकाने ऋतुस्रावात गर्भाशयाचे आकुंचन घडविणारे द्रव्य असल्याचे दाखविले. ते प्रोस्टाग्लॅंडिन होते. इ. स. १९७१ मध्ये जॉन व्हेन याने ॲस्पिरिनसारखी औषधे याच द्रव्याची निर्मिती रोखतात हे सिद्ध केले आणि इ. स. १९८२ मध्ये त्यास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ऋतुवेदनेची यंत्रणा अशा रीतीने सुमारे पन्नास वर्षांपूर्वीच उलगडली. मेफेनॅमिक ॲसिडासारखी स्वस्त गोळी, शेक, रक्तक्षयावर लोह आणि आवश्यक तेथे संप्रेरकांचा मर्यादित उपयोग, एवढ्यावर बहुसंख्य स्त्रियांचा त्रास आटोक्यात येऊ शकतो. शस्त्रक्रिया हा अखेरचा पर्याय होय.

६. गडचिरोली आणि बीड

हे ज्ञान ग्रामीण महाराष्ट्रात कितपत पोहोचले, याचे उत्तर दोन पाहण्यांतून मिळते. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष इ. स. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किमान एक विकार होता. पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र जेमतेम ८ टक्के होत्या. कोणी मोजले नव्हते म्हणून रोग नव्हता, असे या पाहणीपूर्वी सहज म्हणता आले असते.

दुसरी पाहणी बीडची. बीड जिल्ह्यातून दरवर्षी साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या काळात लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या क्षेत्रात ऊसतोडीस जातात. या व्यवस्थेत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो आणि ती श्रमातून फेडावयाची असते. एकाने दांडी मारली की त्या दिवसाचा ‘खाडा’ धरून दंड लागतो. पहाटे काम सुरू होते. उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहून गाडीत चढवाव्या लागतात. राहावयास पाचटाची कोपी असते. पाणी आणि शौचालय यांची सोय बहुधा नसते. पाळीच्या काळात जंतुसंसर्ग वाढावा, पांढरे जावे, कंबर मोडावी, यासाठी याहून अनुकूल परिस्थिती शोधूनही सापडणार नाही.

या स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण विलक्षण आहे, अशा बातम्या इ. स. २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जिल्ह्यात तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती विधान परिषदेत देण्यात आली. नंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के, म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक असे पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशभरातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोरचना सारखी नसल्याने तुलना काटेकोर नव्हे. परंतु एवढा मोठा फरक केवळ वयाने स्पष्ट होत नाही. याच राष्ट्रीय सर्वेक्षणात शस्त्रक्रियेचे कारण म्हणून निम्म्याहून अधिक स्त्रियांनी अतिस्राव वा वेदना हेच सांगितले, हेही लक्षणीय आहे.

या शस्त्रक्रियांना केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. तिशीच्या आत दोन-तीन अपत्ये आणि नसबंदी झालेली स्त्री हिशेब करते तो असा : पिशवीचे काम संपले आहे, पाळीमुळे खाडा पडतो, खाड्यामुळे उचल फिटत नाही, तपासणीस जाण्यास सवड नाही, आणि कर्करोगाचे भय अनेकींना दाखविले गेले. या हिशेबात प्रत्येक आकडा व्यवस्थेने पुरविलेला आहे. संतती पूर्ण झाली म्हणून अवयव निरुपयोगी, आणि श्रमात अडथळा येतो म्हणून तो काढून टाकण्याजोगा. शुद्धतेचे प्रयोजन येथे मागे पडले. संतती आणि श्रम यांनी मिळून निर्णय केला. वेदनेवर गोळी आणि दोन दिवसांची भरपगारी विश्रांती एवढा उपाय पुरला असता अशा अनेक स्त्रियांच्या वाट्याला शस्त्रक्रियेचे कर्ज आले आणि ते फेडण्यासाठी पुन्हा ऊसतोड आली.

शरीराचा हिशेबही पुरा होत नाही. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले तर रजोनिवृत्ती तत्काळ येते. ते राखले तरी ती काही वर्षे अलीकडे येण्याचा संभव वाढतो. इस्ट्रोजेन अकाली ओसरल्याने हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, झोप आणि मन यांचे स्वास्थ्य ढळते. संप्रेरकांच्या तात्पुरत्या असमतोलावर कायमचा असमतोल हा उपाय ठरला. बॅटीची शस्त्रक्रिया जगाने ज्या कारणासाठी सोडली, ते कारण ज्ञात झाल्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनी बीडमध्ये त्याच हिशेबाने गर्भाशये काढली गेली. यास ज्ञानाचा अभाव म्हणता येत नाही. ज्ञान आणि ज्याला ते हवे तो माणूस यांच्यामधील अंतर म्हणावे लागते.

यानंतर काही सुधारणा झाल्या. बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियांवर प्रशासनाने देखरेख आणली. केंद्र शासनाने इ. स. २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमलात आणण्याचे निर्देश राज्यांना दिले. शस्त्रक्रिया रोखणे आवश्यकच होते. परंतु केवळ शस्त्रक्रिया रोखली आणि खाडा, कोपी व तपासणीचा अभाव तसेच ठेवले, तर वेदना जेथे होती तेथेच राहते.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ऋतुवेदनेवरील उपायांचा इतिहास हा केवळ औषधांचा इतिहास नव्हे. चरकाने लक्षण अचूक टिपले होते, चक्रधरांनी पापाची कल्पना नाकारली होती, व्हेनने यंत्रणा दाखविली होती. तरी प्रत्येक वेळी उपाय कोणाच्या सोयीचा असावा हे शुद्धता, संतती किंवा श्रम यांनी ठरविले. आजच्या काळातील योजनांतही याचा अवशेष दिसतो. इ. स. २०१८ ची अस्मिता योजना विद्यार्थिनींना स्वस्त दरात सॅनिटरी पॅड देण्यासाठी निघाली. ती उपयुक्त होती, पण तिचाही विषय स्वच्छता हाच होता. कळांनी वर्गात बसू न शकणाऱ्या मुलीसाठी काय, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिला.

दुसरा निष्कर्ष संशोधनाच्या दिशेचा आहे. मराठवाड्यातील स्त्रियांच्या ओव्या, सुइणींची औषधे, दवाखान्यांच्या जुन्या नोंदवह्या, मुकादमांच्या हिशेबवह्या आणि ऊसतोड स्त्रियांच्या तोंडी आठवणी या साधनांचा या दृष्टीने पद्धतशीर अभ्यास होणे अगत्याचे आहे. हे काम इतिहास, मराठी, समाजशास्त्र आणि वैद्यक या विभागांनी एकत्र येऊन करावे असे आहे. ज्या स्त्रियांकडे ही साक्ष आहे त्या आपल्या विद्यापीठापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर राहतात आणि हंगाम सुरू झाला की सहा महिने गावात नसतात. त्यांच्या खाड्यांची नोंद मुकादमाच्या वहीत तारीखवार असते. त्या खाड्यांच्या कारणाची नोंद कोठेही नाही. ती करण्यापासून या अभ्यासाचा आरंभ व्हावा.